एका चढाईत किती गडी

हल्लीच्या खेळाडूंवर वाद घालण्यात काही राम उरलेला नाही. प्रो कबड्डीतल्या परदीप नरवालनं एका सामन्यात चढाईचे जास्तीत जास्त किती गुण घेतले, असं कोणी विचारलं की दुसरा खिशातून मोबाईल काढतो, चौतीस म्हणून सांगतो आणि विषय तिथंच मिटतो. चहा अजून निम्मासुद्धा झालेला नसतो. भोकरदनच्या बसस्थानकाबाहेर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींना असले चटकन मिटणारे विषय परवडत नाहीत. सगळी साठीच्या अल्याडपल्याडची माणसं. कोणी शाळेतून निवृत्त झालेले, कोणाचं खताचं दुकान आता पोरगा बघतो, कोणी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरचीचा भाव आणि त्यासोबतचे उसासे घेऊन आलेला. जालना, सिल्लोड, जाफराबादकडे जाणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून बसायचं आणि ज्या गाडीत आपल्याला बसायचं नाही ती वेळेवर सुटते की नाही यावर कडक नजर ठेवायची, हा त्यांचा दिनक्रम. अशांना वाद लागतो तो बिनपुराव्याचा. म्हणून ही मंडळी रोज दिवेलागणीला १९८१ सालात जातात.

त्या साली औरंगाबादेत, मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटाला आमच्या कॉलेजच्या चढाईपटूनं एकाच चढाईत किती गडी बाद केले, हा तो प्रश्न. कॉलेज जालन्याचं, पण चढाईपटू भोकरदनचा, त्यामुळे प्रश्नाची मालकी इकडे. त्या खेळाडूचं नाव मी सांगत नाही. तो रोज त्याच बाकावर बसलेला असतो आणि नाव छापून आलेलं त्याला आवडणार नाही. सगळे त्याला भाऊ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू.

पहिल्यांदा ही हकीकत कानावर आली तेव्हा बाद झालेले गडी तीन होते. पुढं भाऊचं लग्न झालं, मुलं झाली, तेव्हा ते चार झाले. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांना विचार करायला निवांत वेळ मिळाला, तेव्हा पाच. २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, गावात घरोघरी संथगतीतल्या चढाया दिसू लागल्या आणि आमचा आकडा सहावर गेला. तिथं तो थांबला आहे. कबड्डीत संघाचे गडी सात, मग सातवा कामून नाही, असं एकदा एका नवख्यानं विचारलं. गुरुजी दुखावल्यासारखे झाले. ‘सातवा आधीच बाद होऊन बाहेर बसलेला होता. उगीच काहीही कसं सांगायचं?’ माणूस अतिशयोक्तीतही किती प्रामाणिक राहू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. सहा गडी म्हटले की समोरचा अख्खा संघ बाद, म्हणजे लोण चढला. लोणाचे वरचे दोन धरून गुण झाले आठ. सामना आपण एका गुणानं जिंकला, यावर सर्वांचं एकमत. तेव्हा त्याआधी आपण सात गुणांनी मागं असलो पाहिजे. हा हिशेब मांडल्यापासून ते सात गुण मागं असणंही मंडळींना स्वच्छ आठवू लागलं आहे. लोक सतरंज्या झटकून उठायला लागले होते, म्हणे.

भाऊ हे सगळं ऐकत असतो. मध्येच बशीतला चहा खाली ठेवून म्हणतो, ‘दोघंच व्हते रे. एकाला हात लागला, एकाला लाथेचा अंगठा.’

‘तू गप ऱ्हाय,’ गुरुजी म्हणतात. ‘तू खेळत व्हता. तुला काय दिसणार?’

यावर भाऊला उत्तर सुचत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कधी सुचलेलं नाही. वरवर पाहता हास्यास्पद वाटणाऱ्या या मुद्द्यात दम आहे. खेळाडूला दिसते ती धूळ, समोरच्याचे गुडघे आणि मध्यरेषा. पराक्रम दिसतो तो फक्कीच्या रेघेबाहेर उकिडवं बसलेल्याला. त्या एका मिनिटात भाऊनं कष्ट केले, हे खरं. पण गेली चाळीसेक वर्षं तो पराक्रम खाऊपिऊ घालून वाढवला या लोकांनी. आता त्याच्या वाढीबद्दल भाऊनं तक्रार करावी, हे जरा कृतघ्नपणाचंच.

मी स्वतः त्या सामन्याला होतो. पण माझ्यापुढं एक उंच इसम उभा होता. मला त्याचा सदरा नीट आठवतो, पाठीवर घामाचा नकाशा उमटलेला. मग एकदम ओरडा उठला. तो ओरडा दोन गड्यांचा होता की सहांचा, हे कानानं ठरवता येत नाही. म्हणून या वादात माझी साक्ष कोणी काढत नाही, आणि मीही देत नाही.

त्या काळची कबड्डी मातीतली. आठवडाभर आधी पोरं मैदानाची माती चाळायची, खडे वेचायची, रात्री पाणी मारून सकाळी रूळ फिरवायची. गुडघे तरी फुटायचेच. चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ नव्हतं, छातीत जेवढी हवा तेवढी चढाई. दम मोडला की नाही, हे पंच कान देऊन ठरवायचे, आणि पाचशे माणसं एकाच वेळी बोंबलत असताना एका पोराच्या ओठांतला ‘कबड्डी कबड्डी’ तुटला कुठं हे ओळखायचं, म्हणजे जत्रेत घड्याळाची टिकटिक ऐकायची. निम्मी भांडणं तिथंच जन्माला यायची. प्रो कबड्डीतला रबरी मॅट, बूट, करो या मरो चढाई, सुपर टॅकल हे सगळं आमची मंडळी आवडीनं बघतात, पण बघताना मनातल्या मनात भाऊला त्या मॅटवर उतरवत असतात. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणनं आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं. १९९० च्या बीजिंगपासून पुरुषांचं सुवर्ण एकदाही हातचं गेलं नव्हतं. सलग सात झाली होती. देशभर चर्चा झाली. आमच्याकडे ती झाली ती अशी, की तिथं आपला भाऊ असता तर. भाऊ त्या वेळी रक्तदाबाची गोळी घेऊन घरी झोपला होता.

भाऊच्या थोरवीबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, असं मात्र नाही. बाकाचं दुसरं टोक डाव्या कोपऱ्याचं. म्हणजे त्याच संघात डाव्या कोपऱ्याला खेळणाऱ्या गड्याचं. त्याची चवड्याची पकड. चढाई करणाऱ्याचा पाय हवेत असतो तोवर काही नाही. तो टेकायला येतो, टाच अजून वर आणि बोटं नुकती मातीला लागलेली, त्या क्षणाला हा खालून सूर मारायचा आणि दोन्ही हातांनी घोटा कवेत घ्यायचा. मग तो घोटा सुटत नसे. चढाईपटू गुण आणतो, पण सामना राखतो तो कोपरा, असं त्या टोकाचं म्हणणं. हा डावा कोपरा पुढं वाळूजला कंपनीत लागला, तिकडंच घर केलं, आणि काही वर्षांपूर्वी गेला. वादाच्या दृष्टीनं त्याची बाजू आता फार बळकट झाली आहे. त्याच्या पकडींचा आकडा कमी करायला तो स्वतः येऊ शकत नाही.

आणि त्याची बाजू सगळ्यात हिरिरीनं कोण मांडतं, तर भाऊ. बाकीचे दमले तरी हा दमत नाही. एकदा वाद फारच चढला तेव्हा त्यानं चप्पल काढली, पायजमा वर सरकवला आणि उजवा घोटा बाकावर ठेवला. घोट्याचं हाड जरा बाहेर आलेलं, त्यावरची कातडी काळपट, गुळगुळीत. ‘हे बघा,’ म्हणाला. ‘सामन्यात मला कोणी धरलं नाही म्हणता ना? कसं धरतील? रोज संध्याकाळी सरावाला हा धरायचा. हज्जारदा धरला आसंल. ह्याच्यातून सुटायला शिकलो, मग बाकीचे काय धरतात.’ त्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सिल्लोडची गाडी उशिरा लागली, आणि सगळ्यांना बोलायला काहीतरी मिळालं.

पुरावा म्हणाल तर एकच शिल्लक आहे. विद्यापीठाच्या संघात निवड झाल्यावर भाऊला मिळालेला कलरकोट. गडद निळा, खिशावर विद्यापीठाचं चिन्ह, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. लोखंडी पेटीत लग्नाच्या शालूखाली तो घडी घालून ठेवलेला असतो. भाऊच्या अंगात तो आता येत नाही. मागं नातवानं शाळेच्या स्नेहसंमेलनात वकिलाचं काम करायला तो घातला होता आणि त्या कोटात त्यानं एक खटलाही जिंकला. सामन्याचं गुणपत्रक मात्र कोणाकडे नाही. ते सापडू नये, असं सगळ्यांना मनातून वाटतं. एकदा एक तरुण प्राध्यापक उत्साहानं म्हणाला, जुने कागद शोधून बघू का? मंडळींनी त्याला भजी खायला घातली आणि तो विषय पुन्हा काढू दिला नाही.

कागद जपले म्हणून वाद थांबत असते तर अमेरिकेत कधीच थांबले असते, हे गुरुजी तिकडून येऊन सांगू लागले. त्यांचा मुलगा नॉर्थ कॅरोलायनात असतो. गुरुजी एक उन्हाळा तिकडं राहून आले. तिथं चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आणि डरहॅमचं ड्यूक, दोन्ही हाकेच्या अंतरावर, आणि कॉलेजच्या बास्केटबॉलवरून लोकांची घरं उभी फुटलेली. हा खेळ १८९१ साली एका शारीरिक शिक्षणाच्या मास्तरानं पीचच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकून सुरू केला. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे सुरुवातीला गोल झाला की चेंडू वर जाऊन काढावा लागे. हे ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला, मग त्या वेळी भांडायला निवांत वेळ मिळत असणार. गुरुजी केस कापायला गेले तिथं दोन म्हातारे एका जुन्या कॉलेजवीरावरून हातघाईवर आलेले. पीट मॅराविच त्याचं नाव. लुइझियानाच्या विद्यापीठाकडून १९६७ ते १९७० असा खेळला, तीनच वर्षं, कारण पहिल्या वर्षाच्या पोरांना तेव्हा मुख्य संघात घेत नसत. ८३ सामने, ३,६६७ गुण. सगळं लिहिलेलं. तरी भांडण. कारण त्या काळी लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेघच आखलेली नव्हती. ती असती तर त्याचे किती झाले असते? ‘बघा,’ गुरुजी आमच्याकडे वळून म्हणाले, ‘तिकडं बी रेघेवरूनच चालू हाय.’ एवढा आनंद त्यांना नातू बघूनही झाला नसेल. म्हणजे आकडा असला तरी चालतो. त्याला लागून ‘तेव्हा असतं तर’ एवढं एक दार उघडं असलं की झालं.

पण गुरुजींनी आणलेल्या गोष्टीचा शेपटाकडचा भाग कट्ट्याला तेवढा रुचला नाही. मॅराविचचा तो आकडा २०२४ च्या मार्चमध्ये ओलांडला एका मुलीनं, आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कनं. चार वर्षं खेळली, तीन गुणांची रेघ होती, शेवटी ३,९५१ वर थांबली. त्यावर तिकडं पुन्हा नवं भांडण. आणि तिच्याही आधी लिनेट वुडर्ड नावाची कॅन्ससच्या विद्यापीठाची खेळाडू होऊन गेली होती, १९७७ ते १९८१. तिचे ३,६४९ गुण. मात्र त्या वेळी मुलींच्या स्पर्धा वेगळी संस्था भरवत असे, म्हणून मोठ्या संस्थेच्या वहीत तिचं नाव पहिल्या ओळीला कधी लागलंच नाही. गुरुजींनी हे सांगितलं, सगळ्यांनी ‘असं का’ म्हटलं आणि पुन्हा भाऊच्या सहा गड्यांकडे वळले. १९८१ हे साल मात्र माझ्या डोक्यात अडकून राहिलं.

त्याच साली १ मे रोजी जालना जिल्हा झाला. तोवर भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात. त्यामुळे भाऊ घर न बदलता अर्धी कारकीर्द एका जिल्ह्याचा आणि अर्धी दुसऱ्याचा खेळाडू झाला, आणि त्याचा मोठेपणा कोणत्या जिल्ह्याच्या खात्यावर जमा करायचा, हा आणखी एक पोटवाद आमच्याकडे आहे. तो पावसाळ्यात निघतो.

गावाची सवयच जुनी म्हणायची. केळनेच्या काठचं हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. दोन हजार वर्षं झाली. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं, त्यात एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून १९३८ साली निघालेल्या हस्तिदंती मूर्तीशी ती जुळते, म्हणून ती पॉम्पेईची बाईही इथूनच गेली असावी, असं काही विद्वान मानतात, काही मान हलवतात. त्यांचाही कट्टाच. दगडावरच्या त्या दानशूरांचं मात्र मला वाईट वाटतं. नाव, गाव, दिलेलं दान, सगळं पक्कं कोरलेलं. त्यामुळे त्यांच्यावरून कोणी चहा गार करत नाही. भाऊचं नाव कशावरच कोरलेलं नाही, म्हणून तो रोज संध्याकाळी सहा गडी बाद करून परत येतो. यांतलं कोणतं नशीब बरं, हे गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, त्या दानशूरांनी दिलं किती याचा आकडा दिलाय का? मी म्हटलं, असेल नसेल. ‘मग तिथं बी वाव हाय.’

गेल्या एका चतुर्थीला राजूरची गाडी मिळेना. गणपतीला जाणाऱ्यांची ही गर्दी. त्यात एक बाई सावलीला म्हणून आमच्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात. हातात नारळाची पिशवी. वाद नेहमीप्रमाणे पाचव्या गड्यावर आला होता. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘त्याच स्पर्धेत मुलींचा संघ फायनलला गेला होता. माहिती आहे का कोणाला?’

कोणालाच माहिती नव्हतं. मुलींचे सामने सकाळी उरकायचे, उन्हं चढायच्या आत. संध्याकाळचं मैदान पोरांचं. बघायला होते एक शिपाई, पाण्याची कळशी आणि संघासोबत आलेल्या मॅडम, त्यांचंही लक्ष परतीच्या गाडीकडे. त्याच्या थोडंच आधी शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता आणि आमच्या मुलींनी त्यांचा पेपरातला फोटो कापून वहीत ठेवला होता, असं बाई म्हणाल्या.

‘तुम्ही कुठं खेळायच्या?’ भाऊनं विचारलं. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच मी प्रश्न विचारताना पाहिलं.

‘उजव्या कोपऱ्यात.’

‘चवडा?’

‘मांडी.’

‘मांडी धरताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायच्या?’

बाईंनी पिशवी बाकावर ठेवली, पदर खोचला आणि टपरीवरच्या पोराला समोर उभं केलं. पोराच्या हातात रिकामे ग्लास. बाईंनी डावा पाय अर्धं पाऊल पुढं घेतला, गुडघ्यात किंचित वाकल्या, आणि डोकं त्याच्या कमरेच्या बाहेरच्या बाजूला नेऊन दाखवलं. आत ठेवलं की पडताना मान अडकते. हात त्यांनी त्याला लावलासुद्धा नाही. पोरगं तरी दोन पावलं मागं सरकलं. भाऊ पुढं झुकून बघत होता, आणि बघताना त्याचा उजवा पाय बाकाखाली आपोआप मागं गेला.

‘फायनलला पकडी किती झाल्या, बाई?’ गुरुजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात नवीन कापूस बघणाऱ्या व्यापाऱ्याची लकब आली होती.

‘तीन.’

‘तीन नसतील. जास्त असतील. खेळताना माणसाला—’

‘तीनच,’ बाई म्हणाल्या. ‘मी मोजल्यात. तिथं मोजायला दुसरं होतंच कोण?’

राजूरची गाडी फलाटाला लागली होती, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. बाईंनी तिकडं पाहिलं, पण पिशवी काही उचलली नाही. गुरुजी क्षणभर अडले. मग त्यांनी बाईंसाठी एक चहा सांगितला, बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाले, ‘बरं, तीन. पण ती चढाईला येणारी पोरगी अंगानं केवढी होती?’